बुरोंडकरांचे राखणदार

युसुफभाई बुरोंडकरांना हळू बोलता येत नसे. दोन यंत्रांमधले बोलणे तिसऱ्याच्या कानी पडू नये, एवढेच त्यांचे काम. पण त्यांचा स्वतःचा आवाज रियाधच्या ओलायातल्या आमच्या सहाव्या मजल्यावर लिफ्टपासून नमाजाच्या खोलीपर्यंत ऐकू येई. ते दापोलीजवळच्या बुरोंडीचे. वडील मासेमारीच्या होडीवर. वाऱ्यातून हाक मारायची सवय घरातलीच, असे ते सांगत आणि ते सांगतानाही ओरडत.

गेल्या वर्षी बुरोंडीतच ते गेले. त्यांचे गाववाले कासम साखरकर यांनी मला फोन करून कळवले. तेव्हापासून त्यांच्याबद्दल लिहीन म्हणतो आहे. रोज चार ओळी होतात, त्यातल्या दोन खोडाव्या लागतात.

आमची कंपनी हज आणि उमऱ्याच्या यात्रेकरूंसाठी हॉटेलांच्या खोल्या ठरवून देत असे. मुख्य कचेरी रियाधला, प्रत्यक्ष काम जेद्दाच्या बलद या जुन्या भागात. मी रियाधच्या कचेरीत डॉक्युमेंट कंट्रोलर होतो. म्हणजे कंपनीतल्या प्रत्येक कागदाला नंबर द्यायचा, शिक्का मारायचा आणि तो फाइलला लावायचा. मी मूळचा कराडचा. मराठी घेऊन एम.ए. केले होते आणि जेवणाच्या सुट्टीत पुस्तक घेऊन बसत असे. तेवढ्यावरून युसुफभाई मला मास्तर म्हणू लागले आणि मग कचेरीतले हैदराबादी ड्रायव्हरसुद्धा.

युसुफभाई आले होते इलेक्ट्रिशियन म्हणून. पहिली काही वर्षे कॅम्पात, एका खोलीत आठ जण. आमच्या कचेरीची सर्व्हर रूम बांधायला निघाली तेव्हा वायरिंगसाठी त्यांना पाठवले गेले, आणि ते तिथून परत गेलेच नाहीत. आधी केबल, मग मशीन, मग मशीनमधले प्रोग्राम असे ते आत आत शिरत गेले. शिकवायला कोणी नव्हते. दुकानातून जुनी इंग्रजी पुस्तके आणून, डिक्शनरी मांडीवर ठेवून ते शिकले. पण इकाम्यावर, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्यावर, पेशा इलेक्ट्रिशियनचाच राहिला. दर वेळी कफिलाकडे, म्हणजे व्हिसा देणाऱ्या सौदी मालकाकडे, तो बदलून देण्याचा अर्ज जाई, आणि दर वेळी उत्तर येई, "पुढच्या वर्षी, इन्शाअल्ला."

सर्व्हरवर काही प्रोग्राम असतात. त्यांच्यासमोर कोणी बसलेले नसते; माणसे घरी गेली तरी ते आपले जागे राहून एकमेकांशी बोलत असतात. जेद्दाचा प्रोग्राम रियाधच्या प्रोग्रामला सांगतो की अमुक हॉटेलात अमुक खोल्या भरल्या. रियाधचा ते लिहून घेतो. इंग्रजीत अशा प्रोग्रामला डीमन म्हणतात. युसुफभाई त्यांना राखणदार म्हणत. आमच्या घाटावर या शब्दाला एवढे वजन नाही. कोकणात मात्र गावाच्या वेशीवर, खाडीच्या तोंडाशी, पिंपळाखाली राखणदार असतो. दिसत नाही, पण असतो, आणि त्याला हिंदू-मुसलमान दोघेही मान देतात.

"दोन राखणदार बोलायला लागले ना मास्तर," ते मला पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "की पहिलं काय करायचं?"

"गुप्त भाषेत बोलायचं," मी म्हणालो. एवढे मी ऐकून होतो.

"चूक! पहिलं विचारायचं, तू कोण? दाखला दाखव. त्यानं दाखवला की आपला दाखवायचा. दोघांचे दाखले बघून झाले की मग गुप्त काय ते बोला. नायतर चोराच्या कानात गुप्त बोललात तर काय उपयोग?"

त्या दाखल्याला बाकी सगळे सर्टिफिकेट म्हणत. त्यावर सही करणारी मूळ चावी एका जुन्या लॅपटॉपमध्ये होती. तो लॅपटॉप कधी नेटला लागू नये म्हणून युसुफभाईंनी त्याचे वायरलेसचे कार्ड स्क्रू-ड्रायव्हरने काढून टाकले होते. केबल लावायच्या भोकात एपॉक्सी भरले होते. "इलेक्ट्रिशियनची सिक्युरिटी," असे म्हणून ते हसत. लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून तिजोरीत ठेवलेला असे.

दाखल्याची मुदत एक वर्षाची. पण ती ते हिजरी वर्षाने मोजत. हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा साधारण अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे त्यांच्या डायरीत प्रत्येक दाखला खऱ्या मुदतीच्या अकरा दिवस आधीच संपत असे. "सौदी सरकारनं दिलेले हे अकरा दिवस," ते म्हणत. "आपण फुकट घालवायचे नाय."

नव्या दाखल्याची वेळ आली की जेद्दाच्या सर्व्हरवर कासम साखरकर विनंतीची फाइल बनवून ईमेलने पाठवीत. कासम जेद्दाच्या कचेरीत कॉम्प्युटर सांभाळत. ईमेलवर युसुफभाईंचा विश्वास नव्हता. वाटेत कोणी फाइल बदलली तर? म्हणून प्रत्येक फाइलचा जो चौसष्ट आकडे-अक्षरांचा ठसा निघतो तो कासमनी फोनवर वाचून दाखवायचा आणि युसुफभाईंनी आपल्या पडद्यावर ताडून पाहायचा, असा रिवाज होता. वेळ ठरलेली, दुपारच्या जोहरच्या नमाजानंतरची. साक्षीदार म्हणून मला शेजारी बसवत.

त्या ठशात शून्य ते नऊ आकडे आणि ए ते एफ ही सहा अक्षरे येतात. फोनवर बी आणि डी सारखेच ऐकू येतात, म्हणून या दोघांनी अक्षरांना गावे वाटली होती. ए म्हणजे आंजर्ले, बी बुरोंडी, सी चिपळूण, डी दापोली, एफ म्हणजे फणसू. ई ला गाव सापडेना. बरीच शोधाशोध करून शेवटी ईद ठेवली.

"बोल रं कासम!"

"सात. सात. दापोली. तीन. फणसू. ईद. ईद."

"दोन येळा ईद?"

"दोन येळा. एक रमजानची, एक बकरी."

युसुफभाई प्रत्येक अक्षर मोठ्याने परत म्हणत. सगळा मजला ऐके. हिशेब विभागातला फिलिपिनो रोलांदो "दापोली! दापोली!" करत टाळ्या वाजवी. एका इजिप्शियन अकाउंटंटने मला एकदा अगदी गंभीरपणे विचारले, "ही दापोली कोण? बुरोंडकर तिचे नाव इतक्यांदा का घेतो?"

एका वर्षी कासमना सर्दी झाली होती. फोन आला, ठसा वाचून झाला, चौसष्टच्या चौसष्ट जुळले. पण युसुफभाई सही करीनात.

"आवाज तुझा नाय."

"अरे सर्दी झालीय मला! चार दिवस नाकातून पाणी चाललंय."

"असंल. पण आवाज तुझा नाय. सांग, बुरोंडीच्या जेटीवर तू पडलास तेव्हा तुला वर कोणी काढला?"

मग कासमनी अशी एक शिवी दिली की ती मी इथे लिहू शकत नाही. त्या शिवीत युसुफभाईंचे वडील, त्यांची होडी आणि जेटी असे सगळे येत होते. युसुफभाईंचा चेहरा फुलला.

"हां, हाच," ते मला म्हणाले आणि त्यांनी सही केली.

हे सगळे मी त्यांना कागदावर आणायला सांगत असे. माझे कामच ते. "युसुफभाई, दोन पानांची प्रोसिजर लिहून द्या, मी नंबर टाकतो." ते टाळत. "कागदावर लिहिलं की लोक कागद वाचतात, माणसाकडं बघत नाहीत," असे त्यांचे म्हणणे. कधी चिडून म्हणत, "मास्तर, तुम्ही आवाजाला नंबर कसा देणार?" मला हसू येई. मी आग्रह धरायला हवा होता. धरला नाही, कारण तसा मी कुठल्याच बाबतीत धरत नसे.

मग सौदीकरणाचे दिवस आले. कामावर किती सौदी आहेत त्यावरून कंपन्यांना लाल, पिवळे, हिरवे असे रंग मिळू लागले. आमची कंपनी पिवळ्यात होती आणि लालच्या बाजूला झुकली होती. सौदी माणसे घेणे भाग होते. कुणाच्या जागी कोण, अशी यादी दर महिन्याला निघे. युसुफभाईंच्या जागी अली नावाचा, आखाताच्या किनाऱ्यावरच्या कतीफचा इंजिनियर आला. तिशीचा, पदवी घेतलेला, एका मुलीचा बाप. युसुफभाईंनी वर्षभर त्याला शिकवायचे आणि मग परत जायचे, असे ठरले.

सगळ्यांना वाटले, युसुफभाई त्याला काही शिकवणार नाहीत. बाकीच्यांनी आपापल्या जागी आलेल्या सौदींना काहीच शिकवले नव्हते; कोरा कॉम्प्युटर देऊन चहा पीत बसवले होते. युसुफभाईंनी पहिल्या दिवशी त्याला स्क्रू-ड्रायव्हर दिला आणि टॉवेलातला लॅपटॉप उघडून दाखवला. अलीचे वडीलही मच्छीमार. दोघांचे निम्मे शिकणे माशांच्या बोलण्यातच जाई. आपण ज्याला पापलेट म्हणतो त्याला आखातात झुबैदी म्हणतात, हे मला तेव्हा कळले. अली त्यांना अम्म युसुफ म्हणे, म्हणजे युसुफकाका. त्याने आपल्या बाजूची सहा गावे काढून स्वतःची यादीही केली होती, आणि त्याच्या यादीत ई ला गाव होते. युसुफभाई म्हणाले, "बघा, तुमच्याकडं तेल हाय, गावं पण हायत. आमच्याकडं काय, ईद."

त्यांचे एक बरे चालले होते. दुबईतल्या एका कंपनीने त्यांना बोलावले होते, तशाच कामासाठी आणि या वेळी खऱ्या पेशाच्या व्हिसावर. अट एकच होती. आमच्या कंपनीकडे त्यांच्या कामाची चौकशी होणार होती. आयुष्यात पहिल्यांदा कागदावर ते इलेक्ट्रिशियन राहणार नव्हते. त्यांनी तो ईमेल मला तीनदा वाचायला लावला.

हजच्या मोसमाच्या तोंडावर जेद्दातून कासमना काढले. त्यांचे काम बाहेरच्या एका फर्मकडे गेले. आणि नेमकी जेद्दाच्या दाखल्याची मुदत भरत आली होती. नव्या माणसाने विनंतीची फाइल पाठवली. युसुफभाईंनी त्याला फोन केला. त्याने ठसा घाईघाईने वाचला आणि सगळी अक्षरे जुळली. युसुफभाई म्हणाले, "सही करणार नाय. मी या माणसाला ओळखत नाय. तो जेद्दातून बोलतोय की कुठून, मला काय माहीत?"

त्यांची ती चूक होती, हे मला आता दिसते. सगळा विश्वास त्यांनी एका गाववाल्याच्या आवाजावर बांधला होता आणि तो आवाज बुरोंडीला परत गेला होता. दुसरी वाट कागदावर नव्हती. अकरा दिवसांतले दहा पत्रापत्रीत गेले. शेवटी ते म्हणाले, मी स्वतः जेद्दाला जातो, मशीनसमोर उभा राहून बघतो आणि तिथेच सही करतो. विमाने हजवाल्यांनी भरलेली. त्यांनी लॅपटॉप टॉवेलासकट मांडीवर घेतला आणि बसने निघाले. जेमतेम तेरा तासांचा रस्ता, पण मोसमात पुढे चौक्या असतात. ताइफच्या अलीकडे बस अडकली.

ते तिथे उन्हात उभे होते तेव्हा इकडे मुदत संपली. रियाधच्या राखणदाराने जेद्दाच्या राखणदाराला दारातून परत पाठवायला सुरुवात केली. खोल्यांची नोंद थांबली.

आमचे मॅनेजर मेहरोत्रा सर्व्हर रूममध्ये आले. अली बसला होता. मीही कसली तरी सही घ्यायला तिथेच होतो. मेहरोत्रा म्हणाले, "अली, डिसेबल द चेक. ओन्ली जेद्दा. आफ्टर हज वी विल सी."

अली म्हणाला, "अम्म युसुफना विचारतो."

"युसुफ बस में है. आय ॲम युवर मॅनेजर."

अलीने तपासणी बंद केली. एका फाइलमधली एक ओळ बदलली, एवढेच. आता जेद्दाच्या दारातून कोणीही आले असते, कुठलाही दाखला घेऊन, तरी रियाधने ये म्हटले असते. नोंदी धावू लागल्या. मेहरोत्रा माझ्या टेबलाशी आले. "पाटणकर, एक चेंज फॉर्म बना दो. रूटीन." उभ्या उभ्या त्यांनी दोन ओळी सांगितल्या, मी टाइप केल्या. त्या विभागाच्या फॉर्मवर विनंती करणाऱ्याच्या रकान्यात युसुफभाईंचे नाव आधीपासून छापलेलेच असे. सगळे बदल तेच करत. मी ते नाव बदलले नाही. मेहरोत्रांनीही सांगितले नाही. नंबर टाकला, शिक्का मारला, फाइलला लावला.

युसुफभाई पहाटे जेद्दाला पोहोचले. मशीन पाहिले, माणूस पाहिला, त्याचा इकामा पाहिला, मग सही केली. परत आल्यावर विचारले, "मेहरोत्रासाहब, कितने घंटे अटका?"

"अरे कुछ नहीं, हाथ से एंट्री करवा ली. हो गया, खलास."

ते खूष झाले. तपासणी बंद आहे हे त्यांच्या लक्षात येण्यासारखे नव्हते. दार बंद असेल तर कोणीतरी ठोठावते. उघड्या दाराची तक्रार कोण करणार?

पाच महिन्यांनी बाहेरून ऑडिटर आला. त्याने स्वतःच्या लॅपटॉपवर एक खोटा दाखला बनवला, स्वतःच सही केलेला, आणि मी जेद्दा आहे असे रियाधला सांगितले. रियाधने त्याला आत घेतले. युसुफभाई मागे उभे होते.

"पुन्हा करा," ते म्हणाले.

त्याने पुन्हा केले. त्याला पुन्हा आत घेतले.

"पुन्हा."

तिसऱ्यांदा झाल्यावर त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. अली त्या आठवड्यात कतीफला होता. त्याला दुसरे बाळ झाले होते. युसुफभाईंनी कुणाशी न बोलता जुन्या नोंदी चाळल्या, तारीख काढली आणि डायरीत पाहिली. मग माझ्याकडे आले. "मास्तर, या तारखेला मी बसमध्ये होतो."

"हो," मी म्हणालो.

"अलीनं केलं असणार. पण त्याच्या मनानं नाय केलं, कोणीतरी सांगितलं असणार. सांगणाऱ्याचं नाव पायजे."

"अलीला फोन करा."

"नको. पोर झालंय त्याला. आता त्याला ह्यात ओढायचा नाय."

दोन दिवसांनी बैठक झाली. मेहरोत्रा, ऑडिटर, एचआरच्या बाई, युसुफभाई आणि फाइल घेऊन मी. ऑडिटरने फॉर्म वाचला. विनंती करणारा, वाय. बुरोंडकर. मेहरोत्रा इंग्रजीत म्हणाले की या माणसाच्या इकाम्यावर इलेक्ट्रिशियन लिहिले आहे, त्याच्यावर एवढी जबाबदारी टाकणे ही आमचीच चूक झाली. हे बोलताना ते खरोखरच दुःखी दिसत होते.

युसुफभाई माझ्याकडे वळले. "मास्तर, हा फॉर्म तुम्हांला कोणी दिला?"

"हिंदी या अंग्रेज़ी में," मेहरोत्रा म्हणाले. "सब को समझना चाहिए."

युसुफभाईंनी तेच हिंदीत विचारले. पुढच्या महिन्यात माझा इकामा नवा व्हायचा होता. पुढच्या यादीत डॉक्युमेंट कंट्रोलर हे पद होते, हे सगळ्यांना माहीत होते. माझ्या दोन मुली इंडियन स्कूलमध्ये दहावी-बारावीला होत्या. ही कारणे मी तेव्हाही मनात मोजली होती, आजही मोजतो. तीच आहेत, वाढलेली नाहीत.

"आय फाइल व्हॉट कम्स टु मी," मी म्हणालो.

युसुफभाईंनी मान हलवली, जणू मी एखादे ठाऊक असलेलेच उत्तर दिले. बैठकीत पुढे त्यांनी एवढेच सांगितले की त्या दिवशी आपण बसमध्ये होतो, तिकीट आपल्याजवळ आहे. मेहरोत्रा म्हणाले, हुकूम फोनवरूनही देता येतो. दाखल्यांच्या ठशांचे फोनवर मराठीतून वाचन होत असे, याची लेखी पद्धत नव्हती, असा एक मुद्दा ऑडिटरने जोडून लिहिला. अलीला शिकवायचे वर्ष भरायला चार महिने होते. त्यांना त्या महिन्यातच फायनल एक्झिट, म्हणजे देश कायमचा सोडायचा शिक्का, दिला.

त्यानंतरचे मी फार थोडे जाणतो. दुबईहून चौकशी आली तेव्हा एचआरने फाइलमधल्या फॉर्मची प्रत पाठवली. तिकडून पुन्हा काही आले नाही. युसुफभाई बुरोंडीला गेले. बोटींच्या इंजिनांची आणि पाण्याच्या पंपांची वायरिंग दुरुस्त करू लागले. इकाम्यावर जे लिहिले होते तेच काम त्यांनी शेवटपर्यंत केले, असे मेहरोत्रा म्हणाले असते. अलीने मला एकदा विचारले, अम्म युसुफना माझ्यामुळे काढले का? मी त्याला नाही म्हणालो. ते खरे होते, पण अर्धेच. इकामा माझा झाला. दोन वर्षांनी यादीत मीही आलो. कासमनी मला फोन केला तेव्हा विचारले, "मास्तर, युसुफ तुमच्याबद्दल वाईट कधी बोलला नाय. तुमच्यात काय झालं होतं काय?" "काही नाही," मी म्हणालो. तिथेही मी नाहीच म्हणालो.

मी त्यांना शेवटचे पाहिले ते त्यांच्या कचेरीतल्या शेवटच्या दिवशी. जाणाऱ्या माणसाला एक क्लिअरन्सचा कागद घेऊन प्रत्येक विभागात फिरावे लागते. सगळ्यांच्या सह्या झाल्या की मगच पासपोर्ट हातात पडतो. माझी सही शेवटून दुसरी. अकराच्या सुमारास ते आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. त्यांनी कागद माझ्यासमोर ठेवला आणि मी सही केली.

"आता तो फॉर्म दाखवा," ते म्हणाले.

मी फाइल काढून दिली. त्यांनी चष्मा लावला, उभ्यानेच वाचला. फॉर्मच्या खाली दोन बोटे जागा कोरी होती. त्यांनी खिशातले पेन काढले आणि मोठ्या, शाळकरी अक्षरात मराठीत लिहिले: ही विनंती मी केलेली नाही. त्या दिवशी मी जेद्दाच्या बसमध्ये होतो. खाली सही केली, तारीख घातली. शाई वाळेपर्यंत थांबले.

"तुम्ही काय बोलू नका मास्तर. तुमची अडचण मला माहीत हाय. पोरी हायत. फक्त हा असाच राहू द्या फाइलला. कोणी कधी उघडील, कोणाला वाचता येईल."

"राहू देतो," मी म्हणालो.

ते गेल्यावर पंधरा-वीस मिनिटांत मेहरोत्रांचा फोन आला. ऑडिटरला मूळ फाइल पाठवायची होती. "पाटणकर, फाइल क्लीन है ना?" नोंदवलेल्या कागदावर हाताने काही लिहिलेले चालत नाही, तो नियम मीच टाइप केलेला होता. मी कॉम्प्युटरमधून तो फॉर्म उघडला, नवी प्रत काढली, जुना नंबर टाकला, शिक्का मारला. त्यांनी लिहिलेला कागद मशीनमध्ये घातला. कागद कातरणाऱ्या मशीनला तीन सेकंद लागतात.

मान वर केली तर युसुफभाई दारात होते. क्लिअरन्सच्या कागदावर मी चुकीच्या रकान्यात सही केली होती आणि एचआरने त्यांना परत पाठवले होते. किती वेळ उभे होते, मला माहीत नाही. ते आत आले. टेबलावरची नवी प्रत त्यांनी उचलली, खालच्या कोऱ्या जागेवरून अंगठा फिरवला.

"गरम हाय अजून," ते म्हणाले.

प्रत त्यांनी जिथून घेतली होती तिथेच, कडा जुळवून ठेवली. मग स्वतःचा कागद माझ्यासमोर सरकवला आणि बरोबर रकान्यावर बोट ठेवले.

"इथं करा सही, मास्तर."

मी सही केली. त्यांनी ती नीट पाहिली, कागदाची घडी करून खिशात घातली आणि लिफ्टची वाट न पाहता जिन्याने उतरून गेले.